काळ्या दोऱ्याची कात्री

अक्का, थोरलीच्या पानावर डाग पडला आहे. आधी हेच सांगतो. तुम्ही असतात तर 'जेवलास का' विचारायच्या आधी तुम्हीही हेच विचारलं असतंत. खालून दुसरं पान, उजवी बाजू, मधल्या शिरेच्या जरा बाहेर. बोटाच्या पेराएवढा. मध्ये फिकट, कडेला तपकिरी. दाबला तर कागदासारखा कोरडा लागतो. पान उजेडात धरून मागून बघितलं, नाकाशी नेलं, वास नाही. सगळं तुम्ही शिकवलेल्या क्रमाने केलं. मग काळ्या मार्करने डागाभोवती गोल काढला. आता रोज सकाळी कंपनीची बस पकडायच्या आधी बाल्कनीत जाऊन बघतो, डाग गोलाबाहेर आला का.

तुम्ही जाऊन आज पंधरा दिवस झाले. त्या रविवारी दुपारी जेवून तुम्ही पंख्याखाली आडव्या झालात आणि चारच्या कॉफीला उठलाच नाहीत. तुमच्याकडे काम करणाऱ्या सेल्वीने माझी बेल वाजवली. मग माणसं जमली, बसायला जागा पुरेना, आणि कुणीतरी बाल्कनीतली तुमची अकरा ऑर्किडं, थोरलीसकट, उचलून पश्चिमेच्या कठड्यावर ओळीने मांडली. मी पाहत होतो. इतर वेळी मी ओरडलो असतो. त्या दिवशी नुसत्या खुर्च्या आणून देत राहिलो. तीन दिवस ती तिथेच उन्हात राहिली. डाग त्या उन्हाचाच असावा. 'असावा' म्हणतो, कारण गोल काढून आठवडा झाल्याशिवाय 'आहे' म्हणायचं नाही, हा तुमचा नियम, आणि आठवडा आज भरतोय.

सगळी बिल्डिंग तुम्हाला अक्का म्हणायची, वॉचमनपासून. तुमचं सरोजाबाई हे नाव दारावरच्या पाटीवर होतं, तेवढंच. मला तर अक्का म्हणताना परकंही वाटलं नाही, सांगलीला आमच्या मोठ्या आत्याला आम्ही अक्काच म्हणायचो. पण तुमचं मराठी ऐकून पहिल्यांदा मी चाट पडलो होतो. तुमचे वाडवडील कधी काळी तंजावरला आले, तिथून तुम्ही नर्सिंग शिकायला इथे चेन्नईत, आणि घरात अजून मराठी. 'कोठे', 'मजला', 'तुजला', आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तमिळ 'पा'. माझी आई इथे आली तेव्हा तुमच्याशी बोलून म्हणाली होती, "अरे, ही बाई पोथीतलं मराठी बोलते आणि मध्येच इडली मागते."

आईचं नाव निघालं तर तिच्या झाडापासूनच सुरू करतो. नाहीतरी सगळं तिथेच येऊन थांबणार आहे.

चार वर्षांपूर्वी आई तीन आठवडे माझ्याकडे राहायला आली होती. अण्णा नगरच्या बागेबाहेर रोपं घेऊन बसणाऱ्या माणसाशी तिने सांगलीच्या मराठीत घासाघीस केली, त्याने तमिळमध्ये केली, आणि कुणाला काही न कळता सौदा झाला. जांभळ्या फुलांचं ऑर्किड. "तू एकटा असतोस, घरात काहीतरी जिवंत असू दे," म्हणाली आणि परत गेली. मी ते भर उन्हात ठेवलं. अग्नी नक्षत्राचे दिवस, चेन्नई भाजून निघत होती. आठवड्यात पानावर पांढुरका चट्टा उमटला.

मी गाड्यांच्या कारखान्यात रंगविभागात आहे. ट्यूबलाइटच्या रांगांखाली उभं राहून दारांवरचे, बॉनेटवरचे डाग शोधायचे, हेच माझं काम. कण अडकला, फुगा आला, ओघळ आला, की घासायचं आणि पॉलिश करायचं. तेव्हा मी काय केलं असेल हे सांगायला नको. कारखान्यातल्या पॉलिशची बाटली घरी होती. मी मऊ फडक्याने आईच्या ऑर्किडचं एकेक पान चकचकीत करत बसलो होतो आणि आपल्या दोन बाल्कन्यांच्या मधल्या अर्ध्या भिंतीवरून तुमचं डोकं वर आलं.

"अय्यो, काय लावतोस पा त्याला? बूट आहे का तो?"

मी म्हटलं, डाग काढतोय.

"डाग काढायचा नसतो. डागाला विचारायचं असतं."

तुम्ही मला झाड घेऊन तुमच्या घरी बोलावलंत. म्हणजे हुकूमच सोडलात. ओल्या कापडाने सगळं पॉलिश पुसून काढायला लावलंत आणि वर ऐकवलंत, "पानाला खालून नाकं असतात. सगळी बंद केलीस." मी मनात म्हटलं, ही बाई डोक्याला ताप होणार. झालातही. रोगापेक्षा इलाज भयंकर कसा असतो हे पुढची चार वर्षं तुम्ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माझं उदाहरण देऊन सांगितलंत.

त्या दिवशी तुम्ही डागाला प्रश्न विचारताना मी पहिल्यांदा पाहिलं. ओला की कोरडा? खोल गेलेला की फुगलेला? एकाच बाजूला की आरपार? वास? वाढतो की थांबला? कुठे ठेवलं होतं, पाणी कधी घातलं, कुणी हात लावला? प्रश्न झाडाला होते आणि उत्तरं मी देत होतो. शेवटी मार्कर घेतलात आणि चट्ट्याभोवती गोल काढलात. एग्मोरच्या बाजूच्या एका इस्पितळात तुम्ही तीस-बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरच्या नर्स होतात. त्याआधी वॉर्डात असताना सुजलेल्या पायावर पेनने रेघ मारून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत आहे की बाहेर हे बघायला. तीच रेघ तुम्ही पानावर आणली होती. चार दिवस झाले, आठ झाले, चट्टा होता तिथेच राहिला. "ऊन," तुम्ही निकाल दिलात. "भाजलं. रोग नाही. पान कापू नको, हिरवा भाग अजून काम करतो. सावलीत ठेव आणि आता गप्प बस."

गप्प बसणं हाच उपाय असतो, हे मला कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं.

मग मला नाद लागला. आईच्या जांभळ्या झाडाला सोबत म्हणून मी आणखी तीन ऑर्किडं आणली. तुमच्याकडे अकरा होती, त्यातली पांढरी थोरली सगळ्यांत जुनी, तुम्ही निवृत्त झालात तेव्हा आणलेली. तिचं नावच 'थोरली' पडलं. ती दरवर्षी मार्गळी महिना सरला की फुलांची काठी टाकायची आणि मग दोन महिने तुमच्या बाल्कनीत पांढरी फुलं लटकत असायची. तुम्ही त्या दिवसांत कुणाच्याही घरी जायच्या नाहीत. लोकांनी यायचं.

आपले वाद तर रोजचे. मी बुरशीनाशकाची निळी बाटली आणली, तुम्ही मसाल्याच्या डब्यातली पट्टै म्हणजे दालचिनी कुटून आणलीत. कापलेल्या कडेवर ती पूड लावायची, मुळांना चुकूनही नाही, मुळं सुकतात. मी म्हणालो, हे काय औषध आहे? तुम्ही म्हणालात, "मी कोठे म्हटलं औषध आहे? कोरडं करतं. कोरडं झालं की अर्धं काम झालं." मी म्हटलं, मग उरलेलं अर्धं माझी बाटली करेल. "तुझी बाटली तुझ्या गाडीला लाव." बारीक काळे खोलगट ठिपके आले तेव्हा मात्र तुम्हीच भिंतीवरून हात पुढे केलात, "दे ती निळी." मी तीन दिवस मिरवलो.

आणि मैलापूरची ती कचेरी, म्हणजे गाण्याची मैफल, आठवते का? डिसेंबरच्या सीझनमध्ये मी तुम्हाला ऑटोने गाणं ऐकायला नेलं होतं. आलापी रंगात आली होती, सगळं सभागृह डोळे मिटून बसलेलं. तुम्ही माझ्या कानाशी लागून म्हणालात, "बुरशी." मला वाटलं गाणाऱ्याबद्दल बोलताय. तुमचं लक्ष स्टेजवरच्या फुलदाणीकडे होतं. ऑर्किडच्या पाकळ्यांवर बारीक तपकिरी ठिपके होते आणि तिसऱ्या रांगेतून मला ते दिसलेही नव्हते. डाग शोधणारा मी, आणि मला दिसले नव्हते. मध्यंतरात तुम्ही आयोजकांना गाठून सांगितलंत, फुलांवर पाणी शिंपडू नका, हवा खेळू द्या. ते बिचारे हो हो म्हणाले.

आता ते सांगतो, जे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आईच्या झाडाला नवं पान आलं आणि त्यावर वेगळेच डाग दिसले. पिवळसर गोल वळी, त्यांच्यात तुटक रेघा, काही ठिकाणी काळ्या पडून खोल गेलेल्या. जुन्या पानांवरही तसंच उमटू लागलं होतं. मी झाड तुमच्याकडे आणलं. तुम्ही भिंग काढलंत. एरवी पाच मिनिटांत निकाल देणाऱ्या तुम्ही त्या दिवशी किती वेळ बघत राहिलात. मग भिंग पुसून ठेवलंत.

"व्हायरस. टाक."

मी म्हटलं, टाक म्हणजे? काही कापून, काही लावून...

"याला औषध नाही. कात्रीला रस लागला की दुसऱ्या झाडाला जातो, दुसऱ्याचा तिसऱ्याला. पिशवीत घाल, बांध, टाक."

मी भडकलो. तपासणी नाही, काही नाही, नुसतं बघून? आमच्याकडे एक गाडी भंगारात काढायची तर तीन माणसांच्या सह्या लागतात! तुम्ही शांतपणे म्हणालात, "गाडीचा रोग दुसऱ्या गाडीला लागत नाही, महेशा."

मी झाड उचलून घरी आणलं. पण टाकवेना. त्याच सुमारास आईचं विसरणं वाढलं होतं. जेवली की नाही हे ती विसरायची, मला कधी कधी वडिलांच्या नावाने हाक मारायची. पण रविवारी फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, "माझं फूल कसं आहे?" ते झाड कचऱ्यात घालून मी दर रविवारी तिला काय सांगणार होतो? हे मी तुम्हाला सांगू शकलो असतो. तुम्हाला कळलंही असतं. पण मला वाटलं, तुम्ही तुमच्या नियमापुढे कुणाचं ऐकणार नाही. मी झाड मागच्या बाजूला, वॉशिंग मशीनच्या पलीकडच्या खिडकीत ठेवलं, रविवारी आईला तसं सांगितलं, आणि तुम्हाला सांगितलं, टाकलं.

तुम्ही "सरी", म्हणजे बरं, म्हणालात. पण महिन्या-दोन महिन्यांनी, काहीतरी वेगळं बोलता बोलता, विचारायच्या, "ते टाकलंस ना?" मी म्हणायचो, "टाकलं, अक्का." "सरी." एवढंच. मग दालचिनी, मग डोसा.

त्यानंतर कधीतरी तुमच्या हातात ती कात्री दिसली. तुमच्या कात्र्या स्टीलच्या लांबट डब्यात असायच्या, ऑपरेशनच्या हत्यारांच्या असतात तशा, आणि प्रत्येक वापरानंतर तुम्ही त्या उकळायच्या. माझ्या बाकीच्या तीन झाडांचं पिकलेलं पान कापायला आलात की हल्ली एकच कात्री आणायच्या, कड्याला काळा दोरा बांधलेली. मी थट्टा केली, "अक्का, कात्रीलाही दृष्ट लागते का?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "लागते पा. तुझ्यासारख्याची तर लागतेच." मी हसलो. आईला फोनवर सांगितलंही, एवढी शिकलेली नर्स, पण काळा दोरा बांधते बघ.

आणि मग गेल्या पावसाळ्यातला तो महिना. म्हणजे आमच्या सांगलीकडचा नाही, इथला, नोव्हेंबरचा. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तुम्ही बेंगळुरूला मुलाकडे गेलात आणि अकरा झाडं माझ्यावर सोपवलीत. रोज फोन. उंटावरून शेळ्या हाकणं काय असतं ते तेव्हा कळलं. "पानावर पाणी नको. सकाळी घाल. डब्यातल्या साध्या कात्र्या वापर, दोऱ्याची राहू दे." मी म्हटलं, बरं, तुमच्या दोऱ्याला हात लावणार नाही. पण सकाळची बस चुकू लागली आणि मी संध्याकाळी पाणी घालायला लागलो. पानांवरची धूळ दिसली म्हणून स्प्रेही मारला. त्याच बाटलीने मागच्या खिडकीतल्या झाडालाही मारत होतो. आठवडाभर वादळाचा पाऊस, सूर्य नाही, हवा ओली, आणि एका सकाळी थोरलीच्या मधल्या पानावर पाणी मुरल्यासारखा डाग. संध्याकाळपर्यंत दुप्पट. दुसऱ्या दिवशी शेजारचं पान.

अक्का, मी किती घाबरलो होतो हे तुम्हाला कधी कळू दिलं नाही. मला माहीत होतं की व्हायरसचा डाग असा ओला नसतो, असा धावत नाही. तुम्हीच शिकवलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. खोटं बोललेल्या माणसाचा स्वतःच्या ज्ञानावर विश्वास राहत नाही. मला वाटलं, माझ्या मागच्या खिडकीतूनच काहीतरी तुमच्या बाल्कनीत गेलं.

तुम्ही दोन दिवसांनी आलात, डोळ्यावर काळा चष्मा, आणि पर्स खाली ठेवायच्या आधी थोरलीपाशी गेलात. बोट लावलंत, वास घेतलात, तोंड वाकडं केलंत. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "पाणी कधी?" संध्याकाळी. "पानांवर?" हो. "कात्री?" साधी.

"अजून काही सांगायचं आहे?"

काळ्या चष्म्यामागचे डोळे मला दिसत नव्हते. तुम्ही कितीदा सांगितलं होतं, रोगी खोटं बोलला की डॉक्टर चुकतो, आणि मरतो तो रोगीच. मी म्हटलं, "नाही, अक्का."

"सरी. पाण्याचा रोग. जिवाणू." डाग संपतो तिथून पुढे दोन बोटं निरोगी हिरवं पानही तुम्ही कापलंत, प्रत्येक कापानंतर कात्री ज्योतीवर धरलीत, कडेला दालचिनी लावलीत, थोरलीला बाकीच्यांपासून लांब पंख्याखाली ठेवलंत आणि दहा दिवस थेंबभर पाणी दिलं नाहीत. पाच पानांतली दोन राहिली. ती वाचली. पण यंदा मार्गळी सरला आणि काठी आली नाही. तुम्ही एकदाही बोलून दाखवलं नाहीत. "या वर्षी विश्रांती घेऊ दे तिला," म्हणालात. मी म्हटलं, पुढच्या वर्षी दुप्पट फुलेल. तुम्ही म्हणालात, "बघू."

तुमच्या आयुष्यातला शेवटचा वसंत थोरलीच्या फुलांशिवाय गेला. हे पंधरा दिवस मी एवढंच घोळवत होतो. संध्याकाळच्या पाण्याची चूक तर मी कबूल केली होती, तिचं एवढं नाही. टोचत होतं ते दुसरंच. तुम्ही निदान केलंत ते अर्ध्या माहितीवर, कारण उरलेली अर्धी मी लपवली. कदाचित ते निदान चुकलं असेल, थोरलीत अजून काही असेल, आणि तुम्ही मला निर्दोष सोडून गेलात, मी खोटारडा आहे हे न कळता. आता कुणाला सांगू?

तेराव्यानंतर तुमच्या सुनेने, वत्सलाने, मला बोलावलं. बेंगळुरूच्या फ्लॅटला बाल्कनी नाही, झाडं तुम्हीच घ्या म्हणाली. "अम्मा सांगायची, प्लांट्स महेशला द्यायचे. दुसरा कोणी नको." मग आतून तो स्टीलचा डबा आणला. आत चार साध्या कात्र्या आणि एक काळ्या दोऱ्याची. मी म्हटलं, ही दृष्टीची. ती म्हणाली, "काय दृष्टी?" झाकणाच्या आत औषधाची पट्टी चिकटवतात तसा एक कागद चिकटवलेला होता, तुमच्या अक्षरात, तमिळमध्ये. मराठी तुम्ही बोलायच्या, लिहायच्या तमिळ. नऊ वर्षं इथे राहून मला अजून बसचा बोर्ड धड वाचता येत नाही. वत्सलाने बोट ठेवून वाचलं आणि अडखळत तुमच्या घरच्या मराठीत सांगितलं.

"काळा दोरा महेशच्या घरासाठी. त्याच्या आईचं झाड अजून आत आहे. माझ्या झाडांना लावायची नाही. वेगळी उकळायची."

मी तिला पुन्हा वाचायला लावलं. तिला वाटलं तिचं मराठी मला कळलं नाही.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कात्रीला दोरा बांधलात त्या दिवसापासून माहीत होतं. मी दृष्टीची थट्टा करत होतो आणि तुम्ही खुणेची कात्री वापरत होतात. बेंगळुरूहून 'दोऱ्याची राहू दे' म्हणालात ते माहीत असून. थोरलीपुढे उभ्या राहून मला प्रश्न विचारलात ते माहीत असून, आणि 'पाण्याचा रोग' म्हणालात तेही सगळं जमेस धरून. निदान अर्ध्या माहितीवर नव्हतं. माझ्यापेक्षा जास्त माहिती तुमच्याकडे होती. मी डबा मांडीवर घेऊन तुमच्या सोफ्यावर बसलो आणि वत्सलासमोर रडलो. तिने पाणी आणून दिलं.

पण तुम्हाला कळलं कसं? आमच्या मागच्या खिडकीपाशी तुम्ही कधी आला नव्हतात.

आज रविवार. सकाळी आईला फोन केला. "माझं फूल कसं आहे?" बरं आहे म्हटलं. मग ती म्हणाली, "ती तुझी पोथीवाली अक्का हल्ली फोन करत नाही रे. रागावली का?"

आईला तुम्ही आठवता हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही दोघी फोनवर बोलता हेही नाही. मी म्हटलं, "आई, अक्का गेल्या." तिने पलीकडे कुणाला तरी चहा झाला का विचारलं. मला वाटलं, विसरली. मग म्हणाली, "मग तिची झाडं?"

"माझ्याकडे आली."

"सगळी? मग माझं फूल त्यांच्याजवळ नेऊ नको हं. मी तिला सांगितलं होतं, महेशने माझं फूल मशीनपाशी जपून ठेवलंय म्हणून. तर म्हणाली, लांब असू दे, पण टाकू देऊ नका त्याला. आणि त्याला काही बोलू नका, आपणहून सांगेल तो."

आज भाताबरोबर काय करणार, असं विचारून तिने विषय बदलला. पुढच्या रविवारी ती पुन्हा विचारेल, अक्का फोन का करत नाही. मी पुन्हा सांगेन.

अक्का, 'टाकलंस ना' हे तुम्ही तपासायला विचारत होतात असं मला वाटत होतं. तुम्ही वाट बघत होतात. दोन वर्षं. काळा चष्मा लावून माझ्यापुढे उभ्या राहिलात तेव्हाही. झाड टाकायचं की नाही, हा आपला वाद मी कधीच जिंकलो होतो, फक्त तुम्ही मला सांगितलं नाहीत आणि मी तुम्हाला विचारलं नाही. तुमचा राग येतो. एकदा कान धरून म्हणाला असतात, 'गाढवा, माहीत आहे मजला,' तर काय बिघडलं असतं? पण तुम्ही वेगळी कात्री उकळत बसलात, गुडघे दुखत असताना, दर वेळी, माझं खोटं सांभाळून.

तुमची अकरा झाडं आता माझ्या बाल्कनीत पूर्वेकडे सावलीत आहेत. आईचं झाड मागेच आहे, वळ्यांची पानं घेऊन, आणि या आठवड्यात त्याने एक काठी टाकली आहे. त्याला काळ्या दोऱ्याची कात्री, बाकीच्यांना साध्या. थोरलीचा डाग आज आठव्या दिवशीही गोलाच्या आत आहे. ऊन. भाजलं. पान कापणार नाही, सावलीत ठेवलं आहे आणि गप्प बसलो आहे. हे माझं पहिलं एकट्याचं निदान, आणि यात काही लपवलेलं नाही.

आता राहिलेलं एक. तुम्हाला माहीत होतं, तरी माझ्या तोंडून ऐका. टाकलं नाही, अक्का. मी ते टाकलंच नव्हतं.